पाठीवर उघडणारा सदरा

३ मार्च
नातीची नोकरी सुटून तिसरा महिना लागला. दुसरी शोधायची सोडून ही वर्गाला जाते! कसला वर्ग, तर स्वतःचा धंदा काढायला डोकं कसं चालवायचं त्याचा. "आजी, बाईंनी सांगितलंय, घरातला एक त्रास निवडा आणि त्यावर काहीतरी नवं काढा."
म्हटलं, घरातला त्रास तूच, काढ उपाय.
हसली नाही. हल्ली हसतच नाही.

४ मार्च
त्रास सापडला तिला — आजोबांचा सदरा.
म्हातारा दोन वर्षं अंथरुणाला आहे. उजवं अंग गेलं, वाचा गेली. सदरा बदलायचा म्हणजे कुस्ती. एक हात बाहीत घालावा तर दुसरा राहतो, मग उठवून बसवा, तो कण्हतो, मी कावते. रोजचंच. आज पोरगी मदत करायची सोडून दाराशी उभी राहून कागदावर चित्र काढत होती. आमच्या कुस्तीचं!

७ मार्च
चांगला निळा सदरा तिने पाठीवर वरपासून खालपर्यंत कापला! पुढची बटणं काढून टाकली, पट्टी शिवून बंद केली, मागे नाड्या लावल्या. तोंडाला येईल ते बोलले. "आजी, आधी घालून तर बघ."
घातला. समोरून दोन्ही हात बाह्यांत सरकवले, कुशीवर वळवून नाड्या बांधल्या. झालं! म्हातारा कण्हला नाही.
मी मात्र निमूट जुना सदरा धुवायला टाकला. कौतुक केलं असतं तर डोक्यावर बसली असती.

८ मार्च
पोरीची शिवण वाकडी. उसवून पुन्हा घातली. ती बाहेर गेल्यावर.

११ मार्च
मालाच्या गोदामातून बोलावणं आलं. कायमची नोकरी, सोमवारी हजर व्हायचं. घे म्हटलं. "शनिवारपर्यंत थांब ना, आजी." शनिवारी रुग्णांच्या शुश्रूषागृहात सदरे दाखवायला बोलावलंय तिला. पसंत पडले तर हेच काम करायचं, नाहीतर गोदाम.
घर माझ्या शिलाई मशीनवर चाललंय आणि मला सुईत दोरा ओवता येईना. स्पष्ट सांगितलं तिला. "माहितीये," म्हणाली. एवढंच.

१३ मार्च
दोघी शिवतोय. ती कापते, मी जोडते. भांडण एकदाच झालं, कॉलरवरून.

१५ मार्च
मीही गेले बरोबर. तिथल्या मुख्य नर्सबाई एकदम खूश. "अहो, आमचं निम्मं काम वाचलं!" पोरीचा चेहरा असा उजळला की मीच दुसरीकडे बघितलं.
शेवटच्या खाटेवर माझ्याच वयाची एक बाई होती, कंबर मोडलेली. नवा सदरा तिने छातीवरून चाचपला. "हा उघडतो कुठून?"
"पाठीमागून, आजी," पोरगी म्हणाली. "तुम्हाला काही करावंच लागत नाही."
"म्हणजे मी आता उठत नाही, हे तुम्ही ठरवून टाकलंत."
रागावून नाही बोलली. सरळ बोलली, म्हणून जास्त लागलं. मग म्हणाली, "माझे कपडे मला द्या."
नर्सबाई म्हणाल्या, "त्यांचं काय मनावर घेता? मी घेते ना सगळे." पोरीने नको म्हटलं! सदरे गोळा केले, पिशवीत भरले.

१६ मार्च
वर्गाच्या बाई घरी आल्या. "अगं, आत्ता कुठे तुझं शिकणं सुरू झालंय."
"शिकायला मी तयार आहे, बाई. घर थांबायला तयार नाही."
मी आत होते. बाहेर आले नाही. काय तोंडाने येणार? नोकरी घे म्हणणारी मीच.

१७ मार्च
गेली कामावर. डबा न घेताच.

१८ मार्च
म्हाताऱ्याचा डावा हात छातीवर फिरतो. निळा सदरा आला तेव्हापासून. खाज सुटते म्हणून मी पावडर लावत होते! आज शेजारी बसून नीट बघितलं. बोटं गळ्याशी जातात, खाली सरकतात, थांबतात, पुन्हा गळ्याशी.
"अहो, बटण शोधताय?"
त्याने डोळे मिटले. म्हणजे हो.
खरंच की. सदरा चढवायची मी, पण वरचं बटण तो लावायचा, डाव्या हाताने. मी घाईत असले तर हात बाजूला सारून लावून टाकायची. दिवसभरात तेवढं एकच काम होतं त्याचं, तेही आम्ही कापून टाकलं.
पाठ उघडीच ठेवली. पुढची पट्टी उसवली, मोठी बटणं लावली, काजं सैल केली. घातला. लावा म्हटलं.
किती वेळ लावला बाई! माझे हात नुसते शिवशिवत होते. मांडीखाली दाबून बसले. लावलं शेवटी. मग दुसऱ्याला हात घातला.
पोरगी संध्याकाळी आली ती दमून भिंतीला टेकली. सदरा दाखवला. बघत राहिली. "आता काय उपयोग, आजी," म्हणाली आणि तोंड धुवायला गेली.

१९ मार्च
शेजारणीला म्हाताऱ्यापाशी बसवलं. सदरा पिशवीत घातला आणि वर्गात जाऊन पोरीच्या रिकाम्या खुर्चीवर बसले. सगळी पोरंसोरं माना वळवून बघायला लागली. बाई म्हणाल्या, "आजी, कोणाला भेटायचंय?"
म्हटलं, "कोणाला नाही. तुम्ही शिकवा."