टाच टेकवू नका

बाबा,

आई गेली त्याच्या आदल्या दिवशीही तिने तुमचा पाय मांडीवर घेऊन तळवा तपासला होता. "लोक हात बघतात, तू पाय काय बघतेस?" असं तुम्ही म्हणालात, तर ती म्हणाली, "तुमचं भविष्य तिथंच आहे. गप बसा."

तिच्या डोक्यात सगळं असायचं. मी गजर लावते, कपाटावर कागद चिकटवते, आणि तरी आज सकाळी बादलीत तुमचा एकच मोजा धुतलेला सापडला. जन्मात कधी कप न विसळलेला माणूस मोजा धुतो, तेव्हा शंका येते. तुम्ही झोपेत असताना पांघरूण सारून पाहिलं. टाचेची जखम पुन्हा ओली झाली आहे, भोवती लाली आहे.

दवाखान्याचा फोन लागत नाही, म्हणून स्वतः जाऊन आजचीच वेळ घेते आणि गाडी घेऊनच येते. तोवर टाच टेकवू नका. उठायचं झालं तर शेजारच्या काकांना हाक मारा, दार नुसतं लोटलं आहे. पाय गरम पाण्यात घालायचा नाही, साखरेमुळे तुम्हाला चटका कळत नाही. न्याहारी झाकून ठेवली आहे; ती खाल्ल्यावरच गोळी घ्या.

मला त्रास नको म्हणून लपवलंत, हे कळतं. रागावले नाही. आत्ताच तुमच्या पायथ्याशी उभी राहून एक बोलले, पण तुम्ही घोरत होता, म्हणून लिहिते: बाबा, मला फार भीती वाटते. आई गेली. तुम्ही मला हवे आहात.