आस्सुन्ताच्या बागेखालची भिंत

वेलिंग्टन,
गुरुवार, २२ ऑगस्ट १९९१

प्रिय थेल्मा,

तुझा गुडघा कसा आहे? ऑगस्टच्या थंडीत ओमारूत अजून दहिवर पडत असेल, म्हणजे तो ठणकत असणारच, आणि तरी तू कोंबड्यांच्या खुराड्यापाशी वाकत असशील. माझं बरं चाललंय. खाणं वेळच्या वेळी मिळतं, झोपही भरपूर होते. चहा तेवढा इथे पाणचट करतात.

वसतिगृहावर तुझे फोन येऊन गेल्याचा निरोप मिळाला. राग धरू नकोस. फोनवर माझा आवाज ऐकलास की काही न विचारता तू पाच मिनिटांत सगळं ओळखतेस, म्हणून म्हटलं, पत्रच लिहावं. पत्रात शब्द निवडायला सवड मिळते.

आधी चांगली बातमी. भिंतीचा तंटा मिटला. खरंच मिटला, वकिलाशिवाय, आणि दोघींच्या मनासारखा.

तुला ही भांडणाची गोष्ट तुकड्या-तुकड्यांनीच ठाऊक आहे, कारण मी जागेचा विषय काढला की तू गप्प व्हायचीस. म्हणून सगळी सांगते. माझी जागा उतारावर आहे, म्हणूनच ती मला परवडली. जागेच्या मागच्या अंगाला वर आस्सुन्ताची बाग आहे. आस्सुन्ता म्हणजे इटलीहून लग्न होऊन आलेली म्हातारी. तिचा नवरा साल्वो मासेमारीच्या बोटीवर होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली. तिच्या बागेची माती खाली माझ्या जागेत येऊ नये म्हणून साल्वोने धक्क्यावरचे जुने लाकडी ओंडके आणून एकावर एक रचले आणि माझ्या डोक्याहून उंच आधारभिंत उभी केली. गंमत अशी की मोजणीवाला आला तेव्हा कळलं, भिंत तिच्या हद्दीत नाहीच. माझ्या हद्दीत आहे. म्हणजे माती तिची आणि भिंत माझ्या जागेत.

ते ओंडके मधोमध फुगले होते. माझं घर बांधणारा रावीरी म्हणाला, "मावशी, हिच्या पायथ्याशी मी खोदाईचं मशीन लावणार नाही. आधी नवी भिंत, मग घर." मी वर जाऊन आस्सुन्ताचं दार वाजवलं. ती बाहेर आली ती हातात विळा घेऊनच.

"भिंतीला हात लावशील तर माझ्याशी गाठ आहे," ती म्हणाली.

"अहो, पण ती माझ्या जागेत आहे."

"तुझी जागा कालची. माझ्या साल्वोने ही भिंत बांधली तेव्हा तिथे शेळीसुद्धा चरायला यायची नाही."

"पोट बघा तिचं, किती पुढे आलंय."

"पोट माझंही पुढे आलंय. मी पडले का?"

मी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात उभा जन्म काढला, पोरींच्या आया येऊन भांडून जायच्या, पण असं उत्तर कुणी दिलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात तिच्या वकिलाची नोटीस आली. नगरपालिकेने सांगितलं, शेजारणींनी आपसांत ठरवा, इंजिनियरचा नकाशा आणा, तोवर काम बंद. माझ्या घराची लाकडं ताडपत्रीखाली पडून राहिली. पूर्ण शरद ऋतू गेला, अर्धा हिवाळा गेला. मला वर्षअखेरीला वसतिगृहाची खोली सोडायची आहे. नोकरी संपली की खोली संपली. रात्री डोळे उघडले की वाटायचं, आपण आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरींना जेवू घातलं आणि आपल्याला स्वतःची एक चूल मिळू नये. वाढत्या वयात माणूस असा रडका होतो.

बरं, तडजोड काय झाली ते ऐक. एका उंच भिंतीऐवजी दोन बुटक्या भिंती होणार, पायऱ्यांसारख्या. खालची माझ्या हद्दीत, वरची तिच्या हद्दीत. मधे अंगणभर रुंदीचा सपाट पट्टा. तिने बागेची कड मागे घेतली, मी घर थोडं पुढे सरकवलं, त्यात माझा मागचा ओटा गेला. जाऊ दे, तिथे ऊन येतच नव्हतं. दोन्ही भिंतींच्या पाठीमागे खडी भरायची आणि तळाशी भोकं पाडलेला पाइप टाकायचा, म्हणजे पावसाचं पाणी मातीत कोंडून न राहता बाहेर पडेल. आपापल्या भिंतीची देखभाल जिची तिने करायची. हे सगळं आम्ही माझ्या पलंगावर नकाशा पसरून ठरवलं. इंजिनियर खुर्चीवर, रावीरी खिडकीला टेकून, आणि आस्सुन्ता माझ्या उशाशी बसून मला चमच्याने सूप भरवत होती. शेजारच्या पलंगावरची बाई म्हणाली, "अहो, हळू बोला, नर्स येईल."

तुझ्या लक्षात आलंच असेल. हो, थेल्मा, मी दवाखान्यात आहे. आता खाली बस. मी बरी आहे. हे माझंच अक्षर आहे, ओळी नेहमीसारख्या तिरक्या जातायत ते बघ. कंबरेचं हाड तडकलंय, डावा पाय प्लॅस्टरमध्ये आहे, बरगड्या हसले की दुखतात. डॉक्टर म्हणतात वसंत सरेपर्यंत काठी घेऊन चालायला लागाल. म्हणजे चालणार आहे, हे महत्त्वाचं.

झालं असं की पावसात ती भिंत पडली आणि मी जवळ होते.

आता नर्स दिवा मालवायला आली आहे. उरलेलं उद्या.

---

शुक्रवार

काल मी "जवळ होते" असं लिहिलं. रात्रभर ते शब्द टोचत राहिले. पाकीट बंद करून टाकावं असं सकाळी वाटलं होतं, पण तू ते वाचून मला बाकीचं विचारणारच नाहीस, हे मला माहीत आहे. तू कधीच विचारत नाहीस. म्हणून सांगते.

मी जवळ नव्हते. मी खाली होते.

त्या आठवड्यात पाऊस थांबलाच नाही. ताडपत्री उडाली की काय ते बघायला मी सकाळी जागेवर गेले. ओंडक्यांच्या फटींतून गढूळ पाणी ठिबकत होतं, आणि वर बागेच्या कडेला जमिनीला हात जाईल एवढी भेग पडली होती. त्या भेगेच्या अलीकडे, अगदी काठावर, आस्सुन्ता ॲल्युमिनियमची रोळी घेऊन पालेभाजी खुडत होती.

मी खालून ओरडले, "मागे व्हा. जमीन सुटतेय."

तिला वाटलं, मी भांडायला आले. "तुझ्या वकिलाला पाठव," ती म्हणाली.

"अहो वकील मरू दे, मागे व्हा."

"काय? ऐकू येत नाही," म्हणत ती ऐकायला आणखी पुढे आली.

मग मी भिंतीखाली धावले. तिथून हात वर करून तिला मागे लोटता येईल, असं काहीतरी डोक्यात होतं. रावीरीने मला बजावलं होतं, भिंतीखाली जायचं नाही. पण समोर माणूस पडताना दिसलं की बजावलेलं आठवत नाही. तिचे पाय मागे सरकलेले मी पाहिले, तेवढ्यात ओंडके माझ्याकडे आले. आवाज फारसा झाला नाही. कुणीतरी मोठा श्वास सोडावा तसा.

आस्सुन्ता मातीबरोबर घसरत खाली आली आणि ढिगावर बसली, तिला खरचटलंसुद्धा नाही. बाकीचं मला लोकांनी सांगितलं. ती मदतीला हाका मारायला रस्त्यावर गेली नाही. गेली असती तर मी आज नसते. तिने रोळीने माती उपसायला सुरुवात केली. रोळी वाकली तेव्हा हातांनी उपसली. आणि तोंडाने आपल्या भाषेत इतका आरडाओरडा केला की समोरच्या बेकरीतले लोक फावडी घेऊन धावत आले. माझं तोंड तिनेच मोकळं केलं. डोळे उघडले तेव्हा तिचा चेहरा माझ्या चेहऱ्यावर होता, नाकातून पाणी गळत होतं, आणि ती म्हणत होती, "अगं स्वयंपाकीणबाई, मेलीस तर मी भांडू कुणाशी?"

तिची नखं अजून उगवलेली नाहीत. रोज दुपारी ती बसने येते, डबा आणते, आणि मी शेवटचा घास खाईपर्यंत उठत नाही. सुरुवातीला ती माझ्याकडे बघायचीच नाही. एके दिवशी म्हणाली, "माझ्या साल्वोच्या भिंतीने तुझा जीव घेतला असता."

तोवर इंजिनियर जागा बघून आला होता. तिच्या छपराच्या पाण्याचा पाइप जमिनीखाली फुटला होता, कधीपासून कोण जाणे, आणि प्रत्येक पावसाचं पाणी भिंतीच्या पाठीत मुरत होतं. मी तिला सांगितलं, "तुमच्या नवऱ्याने भिंत चांगली बांधली होती. एवढं पाणी पाठीवर घेऊन ती इतकी वर्षं उभी राहिली. दुसऱ्या कुणाची असती तर केव्हाच गेली असती." इंजिनियरने मान डोलावली. आस्सुन्ता उठून व्हरांड्यात गेली, बराच वेळ आली नाही. परत आली ती म्हणाली, "नकाशा दाखव." भिंतीचा तंटा असा मिटला. म्हातारीला जागेची हाव नव्हतीच. नवी भिंत बांधायची म्हणजे साल्वोची वाईट होती असं कबूल करायचं, एवढंच तिला नको होतं.

आता जे लिहायचं आहे ते मला जड जातंय.

मी ही उताराची जागा घेतली तेव्हा तू एवढंच म्हणालीस, "माती खणायला लागेल तिथे." नंतर त्या जागेबद्दल अवाक्षर काढलं नाहीस. मला का ते ठाऊक होतं, आणि तुला ठाऊक होतं की मला ठाऊक आहे. तरी तुझ्या नवऱ्याचं, आल्बीचं नाव आपण दोघींनी घेतलं नाही. पाइप टाकायच्या चरात तो उतरला आणि चराच्या दोन्ही बाजू त्याच्यावर आल्या. तेव्हापासून आपल्या घरात त्याचं नाव कुणी घेत नाही. या अपघाताचं तुला कसं कळवायचं, या विचाराने मी इथे नर्सला फोन करू दिला नाही, वसतिगृहातही कुणाला तुला सांगू दिलं नाही. तुझ्या कानावर पुन्हा तेच शब्द कसे घालायचे?

आल्बीला माती दिल्यानंतर पाद्री तुझ्याकडे आले होते, मी स्वयंपाकघरात होते. ते म्हणाले, त्याला काही कळलंही नसेल, त्रास झाला नसेल. तू म्हणालीस, "तुम्ही खाली होता का?" आणि त्यांची टोपी त्यांच्या हातात दिलीस. तू तेव्हा तिशीतही नव्हतीस. नंतर ज्याने-ज्याने सांत्वन केलं त्याच्याकडे तू त्याच नजरेने बघितलंस. माझ्याकडेसुद्धा.

आता मी खाली होते, थेल्मा. म्हणून ऐक.

आल्बीचं शेवटपर्यंत काय झालं ते मी सांगू शकत नाही. मला लवकर काढलं, त्याला नाही. खोटं सांगून तुला बरं वाटायला लावणार नाही. पण सुरुवात मला माहीत आहे. दुखलं नाही. दुखायला लागलं ते बाहेर आल्यावर. अंधार होता, पण भीती वाटण्याइतका वेळच नव्हता. छाती हलत नव्हती, आणि त्याचं नवल वाटत होतं, एवढंच. मला आठवलं की वसतिगृहात कांदे चिरायचे राहिलेत. मग तू आठवलीस, शाळेच्या वाटेवर पुढे चालणारी, मागे वळून "चल ना" म्हणणारी. तुझा आवाज इतका स्पष्ट होता की मी "आले" म्हटलं. मग सगळं मऊ झालं. दिवसभर राबून अंथरुणावर पडल्यावर होतं तसं. आस्सुन्ताने मला ओढून काढलं तेव्हा पहिल्यांदा मला तिचा राग आला, झोपमोड केल्यासारखा.

तो हाका मारत असेल, तडफडत असेल, हे चित्र तू इतकी वर्षं एकटीने पाहत आली आहेस. मी त्या जागी जाऊन आले आणि मला ते चित्र तिथे दिसलं नाही. माझ्याकडे तुला द्यायला एवढंच आहे. पाद्र्यांना दिलंस तसं उत्तर मला देऊ नकोस. दिलंस तरी चालेल, पण आधी हे दोनदा वाच.

घराचा पाया पुढच्या महिन्यात भरतील. रावीरी म्हणतो, माझी चूल नाताळच्या आत पेटेल. आस्सुन्ताने मधल्या पट्ट्यात काय लावायचं यावरून आत्ताच वाद सुरू केला आहे आणि मला तो ऐकायला फार आवडतो. मन हलकं आहे, थेल्मा. गेल्या कित्येक वर्षांत नव्हतं इतकं.

उत्तराची घाई नको. सावकाश लिही, आणि जमलं तर त्यात त्याचं नाव लिही.

अजूनही तुझी धाकटी बहीण,
नेल