अब्बांचं माप

गाइबांधा
कार्तिक १२, शुक्रवार

कोहिनूर बुबू,

सलाम. तिकडे जॉर्डनमध्ये थंडी सुरू झाली असेल, छाती जप. हालिमाची सुट्टी संपली. ती रविवारी परत तुमच्या फॅक्टरीत निघतेय, तिच्याच हाती हे देतेय. फोनवर तर बोलतोच, मग पत्र कशाला, असं वाटेल तुला. सावकाश वाच.

आधी चांगली बातमी. मी पास झाले! सर्टिफिकेटावर 'तयार कपडे शिलाई व उत्पादन' आणि खाली लायली खातून असं छापलंय. अम्मानं ते उलटं धरून पाहिलं नि म्हणाली, "शिक्का झकास आहे."

शिलाईच्या प्रशिक्षण केंद्रात नाव घातलं तेव्हा अब्बांनी केवढी थट्टा केली होती! "दर्ज्याच्या पोरीला शिवण शिकायला शाळा! उद्या कोळ्याची पोरं पोहायच्या शाळेत जातील." केंद्रातल्या मशिनी विजेच्या. पहिल्या दिवशी मी पाय ठेवला आणि कापड हातातून पळालंच. घरी येऊन सांगितलं, तर ठसका लागेपर्यंत हसले.

फॅक्टरीत एकीनं कॉलर करायची, दुसरीनं बाही, तिसरीनं काजं, हे त्यांना पटेना.

"मग शर्ट शिवला कुणी?"

"सगळ्यांनी."

"म्हणजे कुणीच नाही."

पण दुसऱ्या दिवशी हळूच म्हणाले, "ती तुमची कॉलर कशी पालटतात, दाखव बघू." दाखवली. त्यांना पहिल्यांदा जमली नाही, तर मशीनलाच शिव्या.

परीक्षेला एक अख्खा शर्ट एकटीनं शिवायचा होता, खऱ्या माणसाच्या मापाचा. तो माणूसही समोर उभा करायचा. ज्येष्ठात मी अब्बांचं माप घेतलं. "जन्मभर लोकांची मापं घेतली, माझं कुणी घेतलं नव्हतं," म्हणाले आणि छाती अशी फुगवली की मला ओरडावं लागलं, "श्वास सोडा, अब्बा!" कापड बेतून झालं आणि पूर आला. केंद्रात पाणी शिरलं, परीक्षा पुढे गेली. शेवटी भादव्याच्या सुरुवातीला झाली.

मी नको म्हणत होते, तरी अब्बा व्हॅनरिक्षातून आले. शर्ट अंगात घातला आणि खांद्यांवरून ओघळला. गळ्यात माझी मूठ जाईल एवढी फट. परीक्षक रंगपूरचे. त्यांनी विचारलं, "माप घेताना टेप सैल धरली होतीस का?"

अब्बाच म्हणाले, "साहेब, पोरीचं माप बरोबर आहे. मीच कमी झालोय."

परीक्षकांनी त्यांना खुर्ची दिली. शर्ट उलटा करून शिवणी तपासल्या आणि सही केली. आम्हाला शिकवणाऱ्या तहमिना मॅडम तोंड फिरवून उभ्या होत्या.

बुबू, अब्बांचं यकृत गेलं होतं. रंगपूरला नेलं, डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. तुला कळवायचं म्हटलं की अब्बा उठून बसायचे. "ती करार मोडून पळत येईल. खबरदार सांगितलंत तर." अम्मानं त्यांना शब्द दिला, मलाही द्यायला लावला.

भादव्याच्या शेवटच्या जुम्म्याला ते गेले.

त्यानंतर तू जेव्हा जेव्हा विचारलंस, तेव्हा मी 'नमाजला गेलेत', 'झोपलेत' असं म्हणत राहिले. परवा तू म्हणालीस, "अब्बा माझ्यावर रागावलेत का गं? बोलतच नाहीत." आणि त्याच दिवशी हालिमानं तू त्यांच्यासाठी शिवलेलं जॅकेट आणून दिलं. अम्मा ते मांडीवर घेऊन बसली. दोन्ही खिशांत हात घालून पाहिले. मग म्हणाली, "लिही तिला. माझ्याच्यानं आता होत नाही."

गावातलं प्रत्येक कफन अब्बाच कापायचे, तुला ठाऊक आहे. त्यांचं कोण कापणार? चाचांनी कापड आणलं आणि माझ्यापुढे ठेवलं. मी अब्बांच्या कात्रीनं कापलं. त्याला टाका घालत नाहीत. तरी कापून झाल्यावर माझे हात सुई शोधत होते.

आणखी एक सांगते, मग थांबते. ते गेले त्याच दिवशी दुपारी तुझा फोन आला होता, आठवतं? अब्बांचा आवाज बंद झाला होता, म्हणून अम्मानं फोन त्यांच्या कानाला लावला. मॅनेजर कसा चालतो ते तू रंगवून सांगत होतीस, मग हॅलो हॅलो करून म्हणालीस, लाइन खराब आहे, उद्या करते. लाइन चांगली होती, बुबू. अब्बा ऐकत होते. ते हसले. मी पाहिलं.

हालिमाला सांगितलंय, तुझं वाचून होईपर्यंत जवळून उठायचं नाही. ये किंवा करार पुरा कर, तू ठरवशील ते. अम्माही तेच म्हणते.

यापुढे तुझ्याशी खरं तेच बोलणारी,
तुझी धाकटी बहीण लायली