शकुनच्या झाडाची पानं

कालीमाटी,
चैत्र वद्य पंचमी

प्रिय शकुनवहिनी,

हे पत्र तुझ्या भावाकडून वाचून घेऊ नको. तो घाईनं वाचतो अन् मधलं गाळतो. तुमच्या आळीत पोरींच्या शाळेच्या कुंदाताई राहतात, त्यांच्याकडे जा. कुंदाताई, नमस्कार. मी तिसरीच्या पुढे शाळेत टिकलो नाही, तेव्हा अक्षर सांभाळून घ्या. फक्त माझं बोलणं शुद्ध करून वाचू नका, नाहीतर वहिनीला वाटेल दुसराच कोणी बोलून राहिला.

मी इथं बरा आहे. लोखंडाच्या भट्टीवर काम मिळालं. त्या उजेडाकडे पाहून पाहून डोळे चुरचुरतात, डाव्या मनगटावर जरासं भाजलं होतं, ते आता सुकलं. आमचा मुकादम म्हणतो, तू इथंही फार दिवस राहणार नाहीस. खरं आहे त्याचं. नागपूरची गिरणी सोडली, भुसावळ सोडलं, आता ही भट्टी. माय म्हणायची ना, "या पोट्ट्याच्या पायाले भिंगरी हाये." त्याच मायच्या पोटचा भगवंतदादा, त्याच्या पायाला नव्हती. वाफ्यात पाणी सोडलं की ते शेवटपर्यंत पोचेतो तो जेवायला उठत नसे. घरातून पळणारा मी, अन् समुद्रापल्याड लढाईच्या कामावर गेला तो. असं काहून झालं, भट्टीपुढे उभा राहून हेच मनात येत राहतं.

फाल्गुनात मायनं निरोप धाडला, म्हणून मी मोर्शीला आलो. घरात शिरलो तर तुझं दांडीवरचं लुगडं नाही, चुलीजवळ तुझा पाट नाही. मायनं सांगितलं, शकुन बाळापूरला माहेरी गेली. बसऱ्याहून दादा गेल्याचा सरकारी कागद आला होता, पण त्याला पाहिलेलं माणूस कोणी आलं नव्हतं. चिंतामणबुवा जोशी मायच्या मागं लागले होते, की देह हाती आला नाही तर पळसाच्या पानांचा भगवंत करा, त्याला अग्नी द्या, जीव अधांतरी ठेवू नका. तेव्हा तू त्यांच्या तोंडावर म्हणालीस म्हणे, "कागदावर कोनी मरत नाई बुवा. अन् पानाचा नवरा मी जळू देनार नाई." एवढं बोललीस अन् गठुडं बांधून निघालीस. माय हे सांगत होती तेव्हा तिच्या आवाजात राग नव्हता. ती जरा खूशच दिसली मला. तरी बुवांना तिनं फाल्गुनातली तिथी दिली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अन् नत्थुकाका पानं आणायला डोंगराकडे निघालो. संत्र्यांचे मळे संपले, मग तुरीची खुंटं, मग बोरी, मग आपलं रान. साग सारा उघडा झाला होता, पायाखाली त्याची वाळकी पानं पापडासारखी मोडत होती. मोहाची फुलं नुकती गळायला लागली होती. तो वास आला अन् मी उभाच राहिलो. कारखान्यात नाक मेलं होतं माझं, ते तिथं परत जिवंत झालं. नाक्यावर जंगलखात्याच्या नाकेदारानं हटकलं, पानं तोडायचा परवाना दाखवा म्हणे. नत्थुकाका म्हणाले, "आमच्या पोराचं अंग न्याचं हाये, साहेब. अंगाले बी परवाना लागते का?" तो बिचारा बाजूला झाला. मागून हाक मारून त्यानं झऱ्याची जवळची वाट सांगितली, जशी काही ती आम्हाला माहीतच नव्हती.

पण वहिनी, पळसाला पान कुठं होतं? सारं रान पेटल्यासारखं लाल. फांदीफांदीला फूल, अन् पान एक नाही. घरी माळ्यावर पत्रावळीची पानं होती, पण ती बुवांना चालत नव्हती, त्यांना झाडावरून तोडलेलीच पाहिजे. काका दुपारपर्यंत फिरले अन् मग चिडले. "तुया मायले सारं साल सोडून फाल्गुनच सापडला का रे? माळ्याची बाई ना ते? पळसाले कवा पान असते अन् कवा नसते, तिले मी सांगू?" बोलता बोलता ते खाली बसले. पागोटं काढून मांडीवर ठेवलं. मलाही तेव्हाच उमगलं. तिथी मायनं काढली होती. पान भेटू नये, दिवस टळावा, तू कपाळाचं कुंकू ठेवावं अन् तिनं पोराची आशा ठेवावी, म्हणून काढली होती.

झऱ्याजवळच्या ओलीवर मात्र एक पळस पानांनी भरलेला होता. कोणता, ते तुला सांगायला नको. तू नवी नवी घरात आलीस तेव्हा आपण दोघं एका वयाचे. घरात मी तुला तुम्ही-आम्ही करायचो, अन् रानात आलो की तू-मी. फुलांच्या पुड्या बांधायला आपण तिघं पानं न्यायचो. दादा वहाणा काढून मगच झाडावर चढायचा, अन् खालून तू डोक्यावर पान ठेवून ओरडायचीस, "अजी, कवळी नोका तोडू, तिले दुखते." एकदा उन्हाळ्याच्या तोंडी असंच कुठं पान भेटेना, अन् तू हे झाड शोधून काढलंस. तेव्हा दादा म्हणाला होता, "शकुन, या झाडाचा तुयावर जीव हाये. दुनियेले नाई म्हन्ते अन् तुयासाठी पान ठेवते." तेव्हापासून ते शकुनचं झाड.

काका म्हणाले, "पोरा, पान भेटलं नाई म्हनून सांगू. मी बोलनार नाई कोनाले." मी किती वेळ त्या बुंध्याला हात लावून उभा होतो, ठाऊक नाही. काका तंबाखू मळत दुसरीकडे पाहत राहिले. मग मी वहाणा काढल्या अन् चढलो. कवळी पानं सोडून दिली. काकांनी खाली एकेक मोजून रचलं. त्यातलं एक मी त्यांची नजर चुकवून बंडीच्या खिशात घातलं. एक पान कमी पडलं तर दादा पुरा होणार नाही, अन् पुरा झाला नाही तर जळणार नाही, असं काहीतरी डोक्यात होतं. ते पान मी तुझ्या हातात देणार होतो.

मायनं पानं पाहिली. हात लावला नाही. एवढंच विचारलं, "झऱ्यावरची का?" अन् आत गेली ती दादाचा जुना रुमाल घेऊनच बाहेर आली. नदीवर बुवांनी दर्भावर माणूस मांडला. डोक्याच्या जागी नारळ, हातांना इतकी पानं, पायांना इतकी. छातीशी आले अन् थांबले. एक कमी. त्यांनी परत मोजली. माय लांब बसली होती, ती एकदम उठून उभी राहिली. "राहू द्या बुवा, आज नाई होत ते. देवाच्याच मनात नाई." वहिनी, मायचा असा उजळलेला चेहरा मी दादा गेल्यापासून पाहिला नव्हता. अन् मी खिशात हात घालून ते पान काढलं अन् बुवांना दिलं. माय माझ्याकडे पाहत राहिली. मी निघालो तेव्हाही ती माझ्याशी धड बोलली नाही.

तिथून मी कालीमाटीला न येता उलट्या गाडीत बसलो, पारसला उतरलो अन् चालत बाळापूरला आलो. किल्ल्याखालच्या बाजारात तू गेंद्याची फुलं घेऊन बसली होतीस. कपाळाला मोठं कुंकू, हातात हिरव्या बांगड्या. कोणी गिऱ्हाईक भाव पाडून मागत होतं अन् तू त्याला म्हणत होतीस, "फुकटच न्या ना भाऊ, वरून घरी पोचवूनबी देतो." सारे हसले, तूही हसलीस. मी पिंपळामागून तेवढं ऐकलं, अन् तसाच मागं फिरून पारसची वाट धरली.

कुंदाताई, दार लोटून घ्या, वहिनीजवळ बसा, अन् मग पुढचं वाचा. वहिनी, कालीमाटीहून मोर्शीला येतानाच, मायकडे पोचायच्या आधी, मी धामणगावला उतरलो होतो. तिथं कापसाच्या गंजीवर काम करणारे उत्तमराव म्हणून आहेत, बसऱ्याला दादाच्याच तंबूत होते. मी पत्ता काढत त्यांच्याकडे गेलो. दादा त्यांच्या मांडीवर गेला. ताप होता. तिथं साऱ्या खजुरी, दुसरं झाड नाही. दादा सारखं विचारे, "मोहाचा वास येऊन राहिला का?" अन् उत्तमराव म्हणत, "येऊन राहिला." माती त्यांनीच दिली, आपलं कांबळं खाली अंथरून. त्यांनी हे सांगितलं ते न रडता, सरळ माझ्या डोळ्यांत पाहून, अन् म्हणून मला खोटं म्हणता आलं नाही. हे मी मायला सांगू शकलो नाही, फक्त पान दिलं. तुला पानही देऊ शकलो नाही, म्हणून लिहून राहिलो. कागदावर कोणी मरत नाही म्हणालीस, अन् मीही तुला कागदावरच सांगून राहिलो, पण हा कागद सरकारी नाही, तुझ्या दिराचा आहे. आता वाट पाहू नको. अन् आळीतल्या बाया गोळा होतील, त्यांना तुझ्या बांगड्या फोडू देऊ नको. मोर्शीला ये, मायला बरोबर घे, झऱ्यावर जा अन् आपल्या हातानं त्या उतरव. त्या झाडाची कवळी पानं मी सोडली आहेत, ती आता मोठी झाली असतील.

तुझाच भाऊजी,
पुंजाराम