झुंबरच्या नावाआधी

४ डिसेंबर १९८८, धुळे

झुंबर येतेय! माझी धाकटी बहीण — राजदूताची बायको. अठरा तारखेला आमच्या जुन्या शाळेत तिचा सत्कार. मी त्याच शाळेत एकोणीस वर्षं इंग्रजी शिकवतेय. मला काय मिळालं? शिक्षकदिनाला एक पेन. तेही गळकं!

साक्रीहून आईचा निरोप — "बठ्ठा गाव ई मनी झुंबरले देखाले!" सगळा गाव लोटणार म्हणे! दर रविवारी एस.टी.नं तिची औषधं घेऊन जाते ती मी. पण ते कोण देखतंय!

६ डिसेंबर

मुख्याध्यापक शालिग्राम नानांनी पत्रिकेचा मजकूर तपासायला दिला. सगळ्यात वर, ठसठशीत — 'हर एक्सलन्सी झुंबरबाई देवचंद बैसाणे'. तळाला मुंगीएवढ्या अक्षरात — 'परिचय : कु. द्रौपदा अहिरे'. पंचेचाळिसाव्या वर्षी कु.!

देवचंदराव अडुसष्ट साली आले होते ते मला बघायला. मी चहा दिला, प्रश्नांची उत्तरं दिली, इंग्रजी उतारासुद्धा वाचून दाखवला. झुंबर फक्त रिकामे पेले उचलायला बाहेर आली. झालं! आठ दिवसांनी निरोप — धाकटी पसंत.

जळते मी. लिहायला कसली लाज?

९ डिसेंबर

सापडलं! वाचनालयात राजशिष्टाचाराचं जाड पुस्तक, वर बोटभर धूळ. राजदूताशी बोलताना 'युअर एक्सलन्सी', पाकिटावर 'हिज एक्सलन्सी'. आणि बायकोला? काही नाही! मान पदाचा. बायको नुसती मिसेस.

तीनदा वाचलं. येताना पावशेर जिलेबी आणली. एकटीनं खाल्ली.

१० डिसेंबर

पुस्तकच नेऊन नानांपुढे उघडलं. "बाई, सख्खी बहीण ना तुमची?" म्हटलं, नियम तो नियम. जगात शाळेचं हसं व्हायला नको. बिचाऱ्यांनी मुकाट खोडलं.

आता नुसतं 'सौ. झुंबरबाई'. सौ. काय, आमच्या भाजीवाल्या भिकुबाईच्या नावाआधीही लागतं!

१३ डिसेंबर

पत्रिका छापून आल्या, वाटूनही झाल्या. छान दिसतात.

१७ डिसेंबर

झुंबर आली. एकटीच. "ते?" — "कामात आहेत." अंजिरी रेशमी साडी. अशी साडी मला जन्मात कुणी घेतली नाही.

जेवणं झाल्यावर पत्रिका तिच्यापुढे ठेवली. नियम समजावला, अगदी गोड आवाजात. तिनं 'सौ.'वर बोट ठेवलं. वाटलं — लागलं वर्मी!

मग वीस वर्षं परमुलखात इंग्रजी बोललेली ही बाई अहिराणीत म्हणाली, "अक्का, तुना नियम बरोबर शे. पण तो सौ. बी काढी टाक."

मार्चमध्ये घटस्फोट झाला. त्यांनी दुसरं लग्नही केलं. ही दिल्लीत एका खोलीत राहते, शिकवण्या घेते. शाळेचं पत्र पत्ते बदलत बदलत तिथं पोचलं. नाही म्हणवेना तिला. "आईला एक दिवस डोळे भरून बघू दे. मग मीच सांगेन."

मला बरं वाटायला हवं होतं. वीस वर्षं याचीच तर वाट पाहिली! वाटलं नाही.

ती रिकामे पेले उचलायला लागली. मी हातातून काढून घेतले.

१८ डिसेंबर

सभागृह गच्च. आई पहिल्या रांगेत, नव्या लुगड्यात. मी माइकपाशी गेले, पत्रिका उघडली. 'सौ.' माझ्याच्यानं म्हणवेना.

म्हटलं — "हर एक्सलन्सी झुंबरबाई!"

नानांनी चमकून पाहिलं. नियम मला पाठ आहे. मी पुन्हा म्हटलं.