रिद्धीच्या बाईंना विचारायला

अहो,

रिद्धीला घेऊन शाळेत चाललेय. भात-आमटी झाकून ठेवलीय, गरम करून घ्या.

काल धडा वाचताना ती अडखळली, तर बाई भर वर्गात म्हणाल्या, "सहावीत आलीस आणि जोडाक्षरं येत नाहीत? वाजवा रे टाळ्या!" तवापासून पोर तोंड उघडत नाय. पहिली-दुसरीत कोरोनानं शाळा बंद. घरात एकच मोबाईल, तो तुमच्यासंगं खोपोलीला कारखान्यात. मग अक्षरं काय आभाळातून पडणार होती? आज बाईंना तेच विचारणार हाय.

आणि तुमी? रातच्याला तुमीबी तिला 'ढ' म्हणालात. तिनं ऐकलंय.

संध्याकाळी तिच्याजवळ बसा. वाचायला लावू नका, नुसतं बसा.

माधवी