न चाखलेला मासा

१४ मार्च २०२२, सोमवार

अंजिरं जळाली! अख्खं पातेलं. तळाशी कोळसा.

आणि मी कुठे होते? शेजारच्या खोलीत, दार सताड उघडं, मर्विनच्या जुन्या शर्टाची कॉलर उसवत बसले होते. डोळे चुरचुरायला लागले तेव्हा उठले. धुरानं कळलं – वासानं नाही.

धूर निवल्यावर पातेलं परसात नेऊन घासायला बसले. समोरच्यांनी नाक मुरडून खिडकी लावून घेतली, म्हणजे वास गल्लीभर झाला असणार. रुगाया मात्र आमच्या मधल्या भिंतीपलीकडे चादरी वाळत घालत होती, अगदी हाताच्या अंतरावर. "आज ऊन बरं आहे गं हेस्टर," एवढंच म्हणाली. जळाल्याचा एक शब्द नाही. चाळीस वर्षांपासूनची शेजारीण. लाज राखली माझी.

१५ मार्च, मंगळवार

पातेलं फेकून दिलं. सासूचं होतं.

२० मार्च, रविवार

मर्विनचा फोन. ईस्टरला येतोय, बायकोला, बेरेनिसला घेऊन, आणि या खेपेला बेरेनिसच्या आईलाही. व्हॅलरीबाई! ज्या बाई चर्चच्या जेवणात दुसऱ्यांच्या डब्यांची झाकणं उघडून बघतात, त्याच.

मग मुद्द्यावर आला. "मम्मी, प्रिटोरियाची खोली तयार आहे. आता रंगही दिलाय." मी म्हटलं, आपलं ठरलंय ना? माझा नवरा विली गेला त्या वर्षी मीच शब्द दिला होता: ज्या गुड फ्रायडेला टेबलावर माझ्या हातचा व्हिनेगरमध्ये मुरवलेला मासा नसेल, त्या वर्षी मी बॅग भरेन. तोवर केप टाउन सोडणार नाही. तो हसला. "म्हणजे शंभर वर्षं थांबावं लागणार मला!"

त्याला माहीत नाही. कुणालाच नाही. जानेवारीत तो ताप आला – मी आणि रुगाया एकाच आठवड्यात पडलो होतो, भिंतीवरून एकमेकींना खोकून दाखवायचो – आणि जाताना माझं नाक आणि जीभ दोन्ही घेऊन गेला. तिखट तेवढं झोंबतं, व्हिनेगर डोळ्यांत जातं. बाकी सगळं कागद खाल्ल्यासारखं. दवाखान्यातली पोरगी म्हणाली, येईल परत. कधी? त्यावर तिनं खांदे उडवले.

२७ मार्च, रविवार

सकाळी डोळे मिटून एकेक बरणी उघडून पाहिली. कॉफी. दालचिनी. लवंग. विलीची तंबाखूची डबी, जी मी अजून टाकलेली नाही.

तीच उघडताना रडू आलं. बाकी काही नाही वाटलं.

४ एप्रिल, सोमवार

रमजान लागला. काल सूर्य मावळायच्या बेतात होता तेवढ्यात भिंतीवरून रुगायाची बशी आली. पालक घातलेली बेसनाची भजी, सहा. दरवर्षीसारखी. सोनेरी, कडा कुरकुरीत. खाल्ली. कुरकुरीत आवाज ऐकला आणि गिळली. आज बशी परत केली, वर चार पेअर ठेवून. रिकामी बशी परत देणारी माणसं या गल्लीत तरी अजून जन्माला यायची आहेत.

ती बशी विसळताना एकदम डोक्यात आलं. ही बाई महिनाभर चुलीपुढे उभी असते आणि सूर्य मावळेपर्यंत एक थेंबही जिभेला लावत नाही! लोक म्हणतात टोकावर लावून थुंकलं तर चालतं. ही तेवढंही करत नाही. मग मीठ कसं घालते?

७ एप्रिल, गुरुवार

सांगितलं. रुगायाला. देवा, तीन महिन्यांनी पहिल्यांदा तोंडातून बाहेर पडलं ते.

ती भिंतीवर कोपरं टेकून ऐकत होती. मी बोलता बोलता भडाभडा सगळंच बोलले – अंजिरं, मर्विन, शब्द, खोली, खोलीचा रंग. तिनं मान फिरवली. मला वाटलं हिला राग आला, आधी का नाही सांगितलं म्हणून. डोक्यावरचा रुमाल दोनदा सारखा केला. मग म्हणाली, "रडतेस काय? मी चाळीस रमजान न चाखता रांधलंय. तू एक पातेलं मासा नाही करू शकत?"

"तुला नाक तरी आहे!"

"चूल काय नाकानं पेटवतात? मंगळवारी येते. मासा ताजा आण म्हणजे झालं."

१२ एप्रिल, मंगळवार

झाला! पाय दुखतायत, पाठ गेली, पण लिहायलाच हवं.

सकाळी मासेवाल्याच्या गाडीचा भोंगा वाजला तसं धावत गेले. काबेल्यो घेतला, मोठा. एरवी कल्ल्यांना नाक लावून घेते, आज बोटानं दाबून पाहिला. खड्डा पडला नाही, डोळे स्वच्छ. मासेवाला म्हणाला, "आँटी, आज हुंगला नाहीत?" मी म्हटलं, तुझ्यावर विश्वास बसला बाबा एकदाचा. बिचारा खूश.

रुगाया दहाला आली, बाह्या वर करूनच. मी तुकडे तळले, ती स्टुलावर बसून सूचना देत होती. रोजा धरलेल्या बाईपुढे मासे तळायचे म्हणजे मलाच कानकोंडं झालं. "माझा रोजा तुझ्या माशानं मोडण्याइतका तकलादू नाही," म्हणाली. "आवाज ऐक. तडतड कमी झाली की उलट."

मग रस्सा, म्हणजे खरी परीक्षा. कांद्याच्या चकत्या, व्हिनेगर, हळद, मसाला, तमालपत्र, मिरे, साखर. आमच्याकडे मासा मंगळवारी मुरत घालायचा आणि शुक्रवारपर्यंत झाकण काढायचं नाही. म्हणजे आज चुकलं की चुकलं. मीठ टाकलं. चमचा सवयीनं तोंडाकडे गेला तर तिनं मनगटावर फटका मारला!

"चाखू नकोस. चाखून तुला काही कळणार आहे का? बघ."

"काय बघू?"

"कांदा बघ. उभा आहे की बसला? बसला तर आंबोण झालं, गुरांना घाल."

कांदा उभा होता. मग ती स्वतः पातेल्यावर वाकली. डोळे मिटून, तोंड वाफेत. बराच वेळ. वर आली तेव्हा दोन्ही डोळ्यांतून पाणी. "व्हिनेगर पुरे. आता साखर." मी चार चमचे घातले, पाचवा उचलला तर हात धरला. "चार. चमच्याच्या पाठीवर बघ, पातळ पाक धरलाय की नाही?" धरला होता. पण मी गेली तीस वर्षं पाच घालत आलेय. कुरकुरले. तिनं ऐकलं नाही.

पाचव्या चमच्याशिवायच झाकण पडलं. रुगाया जाताना माझ्या गालाला हात लावून गेली. असं ती कधी करत नाही.

१३ एप्रिल, बुधवार

झाकण उघडलं नाही. तीनदा जवळ जाऊन आले.

१४ एप्रिल, गुरुवार

मंडळी आली. मर्विनच्या कानशिलांवरचे केस पांढरे झालेत. व्हॅलरीबाईंनी आल्या आल्या फ्रिज उघडला – "बर्फ बघत होते" म्हणे. झाकणाला हात लावू दिला नाही मी. "आँटी, उद्या," म्हटलं, बाईंचं वय माझ्याहून दोनच वर्षं जास्त आहे तरी मुद्दाम.

संध्याकाळी क्रॉसवाले पाव भाजले. घड्याळ लावून, काचेतून रंग बघून. बेरेनिस म्हणाली, "काय घमघमाट सुटलाय!" मी म्हटलं, हो ना.

लहानपणापासून खोटं बोलता येत नाही म्हणून मार खाल्लाय मी. आता बघा.

१५ एप्रिल, गुड फ्रायडे

चर्चमधून आलो. टेबलक्लॉथ पांढरा, मधे परसातली शेवंती, पाव, लोणी, आणि काचेचं मोठं भांडं. हळदीनं पिवळाधमक झालेला मासा, वर कांद्याच्या चकत्या. दिसायला सुंदर. मला तेवढंच कळत होतं.

झाकण काढलं. प्रार्थना मर्विननं केली, लांबलचक. मी मनात वेगळीच करत होते.

व्हॅलरीबाईंनी पहिला घास घेतला. चावल्या. चावल्या. मग काही न बोलता दुसरा तुकडा वाढून घेतला! त्या बाईनं न विचारता! बेरेनिस पावानं ताट पुसत होती. पण मर्विन थांबला होता. काटा खाली ठेवून माझ्याकडे बघत होता.

"मम्मी, तू काय केलंस यात?"

"काय केलं?"

"हा ओमाचा मासा आहे."

ओमा म्हणजे त्याची आजी. माझी सासू! जिच्याशी मी तीस वर्षं या एका भांड्यावरून भांडले! "तू नेहमी साखर जास्त घालतेस," मर्विन म्हणाला. "मी कधी बोललो नाही. आज बरोब्बर झालाय."

स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि तोंडात टॉवेल कोंबून हसले. मग रडले. तो पाचवा चमचा! इतकी वर्षं कोणी बोललं नाही. मला चव येत होती तेव्हा मी चुकत होते.

रुगायासाठी वाडगा सूर्य मावळायच्या आधी भिंतीवर ठेवला. काठोकाठ भरून.

१६ एप्रिल, शनिवार

कळलं त्यांना.

दुधानं घात केला. सकाळी मी चहा केला, सगळ्यांना दिला, माझा अर्धा पिऊनही झाला. बेरेनिसनं कप ओठांना लावला आणि खाली ठेवला. "मम्मी, दूध नासलंय." मर्विननं बाटली उघडली, तोंड वाकडं केलं. मग माझ्या अर्ध्या कपाकडे पाहिलं. त्याला काही विचारावंच लागलं नाही. लहानपणी गणितात ढ होता, पण असलं पटकन कळतं त्याला.

"कधीपासून?"

"जानेवारी."

व्हॅलरीबाई उठून बाहेर गेल्या, आणि बेरेनिसलाही बरोबर नेलं. मान्य करते, शहाणपणा केला बाईंनी.

मर्विन ओरडला असता तर बरं झालं असतं. तो हळू बोलत होता. "मम्मी, मासा राहू दे. तो शब्द पण राहू दे. गॅस सुटला तर? तू झोपलेली असशील तर?" गेले तीन महिने मी मीठ-साखरेचीच काळजी करत होते, गॅसची नाही. मूर्ख बाई.

मग सुचलं. "रुगाया आहे," म्हटलं. "भिंत एकच आहे. इकडे काही झालं तर तिला आधी वास येईल. तो मासा कोणी जमवला वाटतं तुला? तिनं, वाफेत तोंड घालून."

त्यानं नासलेलं दूध सिंकमध्ये ओतलं. "परवा तिची भजी खाल्ली मी," म्हणाला. "मीठच नव्हतं त्यात."

"रोजा असतो तिचा. चाखत नाही ती!"

"बरं," म्हणाला. "बरं, मम्मी."

१७ एप्रिल, ईस्टर

मर्विन भिंतीपलीकडे गेला होता. चॉकलेटची अंडी आणि माझ्या घराची जादा किल्ली घेऊन. मी परसात उभी राहून ऐकलं.

"आँटी, तुमच्या भरवशावर मम्मीला ठेवून जातोय. कसलाही वास आला, धूर, गॅस, काहीही – आधी दार उघडायचं, मग मला फोन."

रुगाया किल्लीकडे बघत होती. "इन्शाल्ला," म्हणाली. एवढंच. मी म्हटलं थकली असेल, पंधरावा रोजा.

मी राहणार! माझं घर, माझी शेवंती, माझी शेजारीण. आज पावाची चव आल्यासारखी वाटली. नाही आली. पण वाटली.

१८ एप्रिल, सोमवार

मंडळी अकराला विमानतळावर गेली. बाराला रुगाया भिंतीशी आली. वाडगा परत द्यायला. रिकामा नव्हताच – खोबऱ्यात घोळवलेले कुइसिस्टर, गोड, गोल, आठ. आणि त्यांच्यावर माझ्या घराची किल्ली.

"रमजानात खोटं बोलले मी," ती म्हणाली. "आता त्या पोरानं विश्वास टाकला, ते सोसवेना."

"कसलं खोटं?"

"मलाही नाही येत, हेस्टर. जानेवारीपासून."

"पण तू पातेल्यावर वाकलीस! रडलीस!"

"व्हिनेगर झोंबलं. तेवढंच कळतं. बाकी कांदा बघितला."

मग मला हसू आलं, तिलाही, दोघी भिंत धरून हसलो, रोजा आणि वय विसरून. मग थांबलो. दोघींच्याही घरात तेव्हा चुली पेटलेल्या होत्या.

मर्विनचं विमान अजून उतरलं नसेल.